डिव्होर्सनंतर इंग्लंडमध्ये स्वतःच्या नावावर घर: मेंटेनन्स आणि बेनिफिटचे पैसे धरून मॉर्गेज कसं मिळवायचं

डिव्होर्सनंतर मी ज्या बँकेत पहिल्यांदा गेले तिथल्या माणसाने माझी पेस्लिप बघितली, वर्षाच्या पगाराला म्हणजे ३०,००० ला साडेचारने गुणलं आणि १,३५,००० पौंड हा आकडा कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवला. दर महिन्याला येणारा मुलांचा मेंटेनन्स, चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठी मिळणारे सरकारी पैसे), युनिव्हर्सल क्रेडिट (कमी इन्कमवाल्यांना मिळणारी सरकारी मदत), यातलं काहीही त्याने धरलं नाही, आणि का नाही असं विचारलं तर "आमच्याकडे ते इन्कम चालत नाही" एवढंच उत्तर. रेडिंगमध्ये त्या आकड्यात दोन बेडरूमचं घर मिळणं शक्यच नव्हतं, आणि घरी परत येताना बसमध्ये मी मनाशी पक्कं केलं होतं की आता मुलं मोठी होईपर्यंत भाड्यानेच राहायचं. सात-आठ महिन्यांनी दुसऱ्या एका लेंडरने मला १,७०,००० दिले. पगार तोच, मुलं तीच, मेंटेनन्सही तेवढाच. मधल्या काळात मी फक्त कागद नीट केले आणि योग्य माणसाकडून योग्य लेंडर शोधून घेतला.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. लेंडरला मेंटेनन्स किती येतो यापेक्षा तो कशाच्या जोरावर येतो आणि अजून किती वर्षं येणार हे जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि हे दोन्ही डिव्होर्सच्या कागदांमध्येच ठरून जातं, घर बघायला लागल्यावर ते बदलता येत नाही. खाली लिहिलेलं इंग्लंड आणि वेल्सचं आहे (स्टॅम्प ड्यूटी आणि शेअर्ड ओनरशिपचं मात्र फक्त इंग्लंडचं), स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत. आकडे २०२५-२६ चे आहेत, दर एप्रिलला बदलतात.

सगळ्यात आधी व्हिसा

आपल्यातल्या बऱ्याच जणी इथे नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेल्या असतात, आणि हा मुद्दा इथल्या कुठल्याच सर्वसाधारण मॉर्गेज गाइडमध्ये नसतो. लग्न मोडलं की तो व्हिसा ज्या नात्यावर उभा होता ते नातंच राहत नाही, होम ऑफिसला कळवावं लागतं आणि ते व्हिसाची मुदत कमी करू शकतात, बहुतेक वेळा ६० दिवसांवर आणतात. तेव्हा मॉर्गेजच्या आधी इमिग्रेशन सॉलिसिटर. स्वतःचा स्किल्ड वर्कर व्हिसा मिळू शकतो का, मुलं ब्रिटिश आहेत का, आयएलआरला (इथे कायम राहण्याची परवानगी) किती दिवस राहिलेत, हे आधी बघा. घरात हिंसा झाली असेल तर त्यासाठी वेगळे नियम आहेत, ते वकिलाला मोकळेपणाने सांगा, लाजून गप्प बसू नका.

दुसरं म्हणजे तुमच्या ईव्हिसावर (व्हिसाची ऑनलाइन नोंद) "नो पब्लिक फंड्स" ही अट असेल तर चाइल्ड बेनिफिट आणि युनिव्हर्सल क्रेडिट दोन्ही पब्लिक फंड्समध्ये येतात, म्हणजे ते घ्यायचेच नाहीत, चुकून घेतले तर पुढे व्हिसाला अडचण. मुलांचा मेंटेनन्स मात्र पब्लिक फंड नाही, तो दुसऱ्या पालकाने दिलेला पैसा आहे, तो कुठल्याही व्हिसावर घेता येतो. आयएलआर किंवा ब्रिटिश पासपोर्ट असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून पुढे जा.

मेंटेनन्सचा कागद

मेंटेनन्स दोन प्रकारचा. एक मुलांसाठी, दुसरा स्वतःसाठी म्हणजे स्पाउजल मेंटेनन्स. आणि तो ठरायचे मार्ग तीन: आपापसात बोलून, चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिसकडून म्हणजे सीएमएसकडून (हे फक्त मुलांच्या पैशांसाठी), किंवा कोर्टाच्या ऑर्डरने.

आपल्याकडे बहुतेक जण आपापसात ठरवतात, त्यात भांडण वाढत नाही हे खरं, पण लेंडरच्या नजरेत हा सगळ्यात कच्चा मार्ग. काही लेंडर सहा किंवा बारा महिन्यांची बँक स्टेटमेंट बघून तो धरतात, बरेच जण धरतच नाहीत. म्हणून संबंध कितीही चांगले असले तरी ते कन्सेंट ऑर्डरमध्ये लिहून घ्या. म्हणजे तुम्ही दोघांनी जे ठरवलंय तेच सॉलिसिटरकडून मसुदा करून, सोबत दोघांच्या पैशांची माहिती देणारा डी८१ फॉर्म जोडून कोर्टाकडे पाठवायचं, जज बघून मंजूर करतात, बहुतेक वेळा कोर्टात उभंही राहावं लागत नाही. एप्रिल २०२२ पासून इथे नो-फॉल्ट डिव्होर्स आहे, अर्ज केल्यापासून २० आठवडे थांबायचं, मग कंडिशनल ऑर्डर (कोर्टाची पहिली मंजुरी), मग आणखी सहा आठवडे आणि एक दिवस, मग फायनल ऑर्डर (इथे लग्न संपतं). कन्सेंट ऑर्डर कंडिशनल ऑर्डरनंतर मंजूर होऊ शकते. हे २० आठवडे नुसते वाट बघण्यात घालवू नका, पैशांचं बोलणं त्याच काळात उरकून घ्या.

फायनल ऑर्डर आली म्हणजे पैशांचंही सगळं मिटलं असं खूप जणींना वाटतं. तसं नाही. डिव्होर्सने फक्त लग्न संपतं, घर, पेन्शन, मेंटेनन्स यांचं वेगळ्या ऑर्डरनेच मिटतं. माझ्या ओळखीतल्या एकीचा डिव्होर्स तीन वर्षांपूर्वी झालाय आणि पैशांची ऑर्डर अजून नाही, आता मॉर्गेजला गेली तर लेंडर विचारतोय की तुमच्यावर किंवा तुमच्या एक्सवर काही क्लेम बाकी आहे का, आणि तिच्याकडे उत्तर नाही.

भारतात डिव्होर्स झाला असेल, समजा पुण्याच्या फॅमिली कोर्टात म्युच्युअल कन्सेंटने, आणि इथल्या घराचं-पैशांचं त्यात नीट ठरलं नसेल, तरी रस्ता बंद झालेला नसतो. १९८४ च्या मॅट्रिमोनियल अँड फॅमिली प्रोसीडिंग्ज ॲक्टच्या पार्ट थ्रीखाली इथल्या कोर्टाची परवानगी घेऊन इथे पैशांचा अर्ज करता येतो. पण त्याआधी पुन्हा लग्न केलंत तर तो हक्क जातो, हे लक्षात ठेवा.

आता सीएमएस. एक्स ऐकतच नसेल, कधी देतो कधी देत नाही, तर सीएमएसकडे जा. आधी २० पौंड फी होती, फेब्रुवारी २०२४ पासून तीही नाही. ते समोरच्या पालकाचं इन्कम थेट एचएमआरसीकडून (इथलं टॅक्स खातं) घेतात आणि हिशोब करून लेखी पत्र देतात, ते पत्र लेंडरला आवडतं. हिशोब असा: पेन्शनचा हप्ता वजा करून आठवड्याच्या ग्रॉस इन्कममधल्या पहिल्या ८०० पौंडांवर एका मुलासाठी १२ टक्के, दोघांसाठी १६, तीन किंवा जास्तसाठी १९. ८०० च्या वर जे असेल त्यावर ९, १२ आणि १५ टक्के. समजा त्याचं आठवड्याचं १,००० आहे आणि दोन मुलं आहेत, तर ८०० चे १६ टक्के म्हणजे १२८, वरच्या २०० चे १२ टक्के म्हणजे २४, एकूण आठवड्याला १५२ पौंड, वर्षाचे ७,९०४. मुलं वर्षात ५२ ते १०३ रात्री त्याच्याकडे राहत असतील, म्हणजे साधारण आठवड्यातून एक रात्र, तर यातला सातवा भाग कमी होतो, मग आठवड्याला साधारण १३० राहतात. माझं तसंच आहे.

सीएमएसमध्येही दोन पद्धती आहेत. डायरेक्ट पे म्हणजे हिशोब त्यांचा पण पैसे तो थेट तुमच्या खात्यात टाकतो, यात कोणालाच चार्ज नाही. कलेक्ट अँड पे म्हणजे सीएमएस स्वतः वसूल करून देतं, त्यात त्याला २० टक्के जास्त भरावे लागतात आणि तुमच्या हातात येताना ४ टक्के कापून येतात. वसुलीची खात्री पाहिजे असेल तर हे ४ टक्के गेले तरी चालतील असं माझं मत आहे, कारण न येणाऱ्या मेंटेनन्सवर कुठलाही लेंडर एक पौंडही देणार नाही.

एक्स भारतात परत गेला असेल तर मात्र सीएमएसचा उपयोग होत नाही. तो यूकेमध्ये राहणारा पाहिजे, किंवा बाहेर राहून यूकेच्या कंपनीकडून पगार घेणारा. नाहीतर कोर्टाची ऑर्डर घ्यायची आणि ती भारतात लागू करून घ्यायची, ते होतं पण वेळ जातो. भारतातून येणाऱ्या मेंटेनन्सवर मॉर्गेजचा हिशोब मांडू नका, आला तर वरचा खर्च भागेल एवढंच धरा.

अजून एक बारकावा. कन्सेंट ऑर्डरमध्ये मुलांचा मेंटेनन्स लिहिला असला तरी ऑर्डरच्या तारखेपासून एक वर्ष झालं की दोघांपैकी कोणीही सीएमएसकडे जाऊ शकतो आणि मग सीएमएसचा हिशोब लागू होतो. त्यामुळे ऑर्डरमधला आकडा सीएमएसच्या हिशोबापेक्षा फार वेगळा ठेवून फसू नका. ऑर्डरमध्ये मेंटेनन्स कुठपर्यंत चालणार ते स्पष्ट असू दे. सीएमएसचा साधारण १६ वर्षांपर्यंत असतो, मूल ए-लेव्हल किंवा त्याच्या बरोबरीचं शिकत असेल तर २० पर्यंत. स्पाउजल मेंटेनन्सला मुदत असेल तर ती तारीख, आणि तुम्ही पुन्हा लग्न केलंत तर तो तिथेच थांबतो.

पैसे बँकेतून आणि एकाच तारखेला

हे इतकं साधं आहे की कोणी सांगत नाही. ऑर्डर हातात आली तरी लेंडर तुमच्या स्टेटमेंटमध्ये ते पैसे आलेले बघणार, कमीत कमी तीन महिने, पुष्कळ जण सहा, काही बारा. एक्सला सांगून स्टँडिंग ऑर्डर (दर महिन्याला बँकेतून आपोआप जाणारे पैसे) लावून घ्या, महिन्याची एकच तारीख, एकच रक्कम, आणि रेफरन्समध्ये चाइल्ड मेंटेनन्स असं लिहिलेलं. आमच्याकडे सुरुवातीला तो कधी ४००, कधी ६५०, कधी मुलांचे बूट घेतले म्हणून त्यातून वजा करून असं टाकायचा, वर क्लबची फी परस्पर भरायचा. वर्षाचा हिशोब केला तर पैसे पूर्ण दिले होते, पण लेंडरला ते दाखवताच येईना. कॅश तर घेऊच नका. बूट, फी, ट्रिप काय ते वेगळं करू दे, मेंटेनन्स वेगळा.

बेनिफिटमधलं काय धरतात

चाइल्ड बेनिफिट पहिल्या मुलासाठी आठवड्याला २६.०५ पौंड आणि पुढच्या प्रत्येकासाठी १७.२५. दोन मुलांचे वर्षाचे साधारण २,२५० होतात. कमी वाटतात, पण साडेचारने गुणलं की दहा हजारांचं कर्ज आहे ते. तुमचं स्वतःचं इन्कम ६०,००० च्या वर गेलं की ते टॅक्समधून परत द्यावं लागायला लागतं आणि ८०,००० ला पूर्ण जातं. लग्न असताना नवऱ्याच्या पगारामुळे बंद केलं असेल किंवा त्याच्या नावावर क्लेम असेल तर वेगळं झाल्यावर लगेच स्वतःच्या नावावर करून घ्या, मीही हे चार महिने उशिरा केलं.

युनिव्हर्सल क्रेडिटचं म्हणजे यूसीचं मात्र नीट समजून घ्या, इथे गोंधळ फार आहे.

मुलांचा मेंटेनन्स यूसीमध्ये इन्कम म्हणून धरतच नाहीत. एक पौंडही कमी होत नाही. "मेंटेनन्स मागितला तर यूसी कापतील" या भीतीने न मागणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत, कृपा करून तसं करू नका. स्पाउजल मेंटेनन्सचं उलट आहे, तो जितका येतो तितका यूसीतून पूर्ण वजा होतो. म्हणजे ३०० स्पाउजल आले आणि ३०० यूसी गेला, हातात काहीच वाढलं नाही, आणि लेंडरसमोर तुम्ही दोन्ही दाखवू शकत नाही. ऑर्डर ठरताना तुमच्या सॉलिसिटरला यूसी चालू आहे हे सांगितलं असलं पाहिजे, त्यावरून मुलांचा मेंटेनन्स, एकरकमी पैसे आणि स्पाउजल यांची मांडणी बदलते.

मग भाड्याचा प्रश्न. तुम्ही आत्ता भाड्याने राहत असाल तर यूसीच्या स्टेटमेंटमधली मोठी रक्कम बहुतेक हाउसिंग एलिमेंटची, म्हणजे भाड्यासाठी दिलेल्या भागाची असते. घर विकत घेतलं की ती बंद होते, मॉर्गेजचा हप्ता भरायला यूसी हाउसिंगचे पैसे देत नाही. लेंडरला हे माहीत असतं, ते ती रक्कम वजा करूनच बघतात, आणि तुम्हीही स्वतःच्या हिशोबातून ती आधी काढून टाका. थोडं परत मिळतं ते असं की नोकरी करणाऱ्या पालकाला हाउसिंग एलिमेंट असताना महिन्याला ४११ पौंडांपर्यंतचा पगार यूसीतून न कापता सोडतात आणि हाउसिंग नसेल तर ६८४ पर्यंत. वरच्या प्रत्येक पौंडाला ५५ पेन्स कापतात, त्यामुळे या फरकाने महिन्याला साधारण १५० पौंडांपर्यंत यूसी जास्त बसू शकतो. भाड्याच्या पैशांची भरपाई यातून होत नाही, पण हिशोबात घ्यायला विसरू नका.

मुलाला डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स असेल किंवा तुम्हाला पिप (मोठ्यांसाठीचा तसाच डिसॅबिलिटी बेनिफिट) असेल तर ते धरणारे लेंडर आहेत, अवॉर्डचं पत्र आणि ते किती वर्षांसाठी आहे हे दाखवावं लागतं.

जुन्या घरातून आणि जुन्या कर्जातून नाव काढणं

जॉइंट मॉर्गेजमध्ये अर्धं तुझं अर्धं माझं असं काही नसतं, दोघेही संपूर्ण कर्जाला जबाबदार. तो हप्ते भरतोय म्हणून तुम्ही सुटत नाही. एक्स ते घर ठेवणार असेल तर ट्रान्सफर ऑफ इक्विटी करून तुमचं नाव घरावरून आणि कर्जावरून काढायचं, त्यासाठी त्याचा लेंडर आधी बघतो की एकट्याला हे कर्ज झेपतं का. ते होईपर्यंत नवीन लेंडर जुना हप्ता तुमच्या खर्चात धरू शकतो आणि मग तुम्हाला मिळणारं कर्ज बरंच कमी होऊ शकतं. म्हणून ऑर्डरमध्ये अमुक तारखेपर्यंत नाव निघेल, नाही निघालं तर घर विकायचं, असं लिहून घ्या.

जॉइंट बँक खातं आणि जॉइंट कार्ड बंद झालं की एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट एजन्सींकडे फायनान्शियल डिसअसोसिएशनसाठी, म्हणजे त्याच्याशी जोडलेली तुमची नोंद तोडण्यासाठी अर्ज करा, नाहीतर त्याने चुकवलेला हप्ता तुमच्या अर्जाच्या वेळी लेंडरला दिसू शकतो. तिन्हीकडे वेगवेगळा करावा लागतो. आणि इलेक्टोरल रोलवर नाव घाला. आपल्याला वाटतं आपण भारतीय पासपोर्टवाले, आपला काय संबंध, पण कॉमनवेल्थ देशाचे नागरिक म्हणून इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीयांना मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, आणि पत्ता पक्का आहे हे लेंडरला त्यावरून पटकन कळतं.

ब्रोकर आणि खरा हिशोब

एका बँकेने नाही म्हटलं की दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या बँकेत ऑनलाइन अर्ज करत सुटायचं नाही. प्रत्येक पूर्ण अर्जाचा हार्ड सर्च (इतर लेंडरना दिसणारी चौकशी) क्रेडिट फाइलवर उमटतो. एफसीएच्या (इथला आर्थिक व्यवहारांचा नियामक) रजिस्टरवर नाव असलेला, होल ऑफ मार्केट म्हणजे ठरावीक बँकांपुरता नसून बाजारातले लेंडर बघणारा ब्रोकर शोधा आणि पहिल्याच फोनवर त्याला स्पष्ट विचारा: मेंटेनन्स १०० टक्के धरणारे लेंडर कोणते, सीएमएसचं पत्र चालतं की कोर्टाचीच ऑर्डर पाहिजे, किती महिन्यांची स्टेटमेंट, मुलांच्या वयाची अट काय, चाइल्ड बेनिफिट आणि यूसी धरतात का, आणि तुमची फी किती व ती कधी द्यायची. ज्याला ही उत्तरं देता येत नाहीत त्याच्याकडे वेळ घालवू नका. व्हिसावर असाल तर तेही पहिल्याच फोनवर सांगा.

फरक किती पडतो ते माझ्याच आकड्यांनी सांगते. पगार ३०,०००. मेंटेनन्स वर्षाचा साधारण ६,७७५. चाइल्ड बेनिफिट २,२५०. पगाराच्या साडेचारपट धरलं तर १,३५,०००. मेंटेनन्स निम्मा धरणारा आणि चाइल्ड बेनिफिट न धरणारा लेंडर असेल तर दीड लाखाच्या आसपास. सगळं पूर्ण धरणारा असेल तर १,७५,००० च्या वर. साडेचारपट ही काही सगळीकडे मिळणारी गोष्ट नाही, प्रत्येकजण तुमचा खर्च, चाइल्डकेअरची फी, कारचा हप्ता बघून खाली आणतो, मला म्हणून १,७०,००० मिळाले. पण दोन लेंडरमधला फरक ४०,००० पर्यंत जातो हे त्यातून कळेल.

मुलांच्या वयाचं इथेच येतं. मॉर्गेज ३० वर्षांचं आणि मेंटेनन्स सात वर्षांत संपणार, तर लेंडर विचारणारच की पुढे काय. धाकटा सहा वर्षांचा असेल तर सहज धरतात, मोठी पंधराची असेल तर तिच्या वाट्याचं धरतीलच असं नाही. म्हणून डिव्होर्सनंतर "जरा स्थिरस्थावर होऊ, मग बघू" म्हणत चार-पाच वर्षं घालवू नका, त्या काळात तुमचा पगार वाढेल कदाचित, पण मेंटेनन्सचं मॉर्गेजमधलं वजन दर वर्षी कमी होत जाईल. आणि लेंडरने धरलं तरी स्वतः एक कागद घेऊन बसा: मोठीचा मेंटेनन्स बंद झाला त्या महिन्यात हप्ता कसा भरणार, धाकट्याचा बंद झाला तेव्हा कसा. मी तेव्हाच्या पगारावर हा हिशोब केला, तो बसेना म्हणून घराचं बजेट १५,००० ने खाली आणलं, आणि रात्री झोप लागते ती त्यामुळेच.

डिपॉझिट

घर विकून किंवा एक्सने तुमचा वाटा देऊन जे पैसे येतात तेच बहुतेकींचं डिपॉझिट, म्हणजे घराच्या किमतीतला कर्जाबाहेरचा, स्वतः भरायचा भाग. ते ज्या दिवशी खात्यात येतात त्या दिवसापासून यूसी घेणाऱ्यांनी सावध राहायचं. ६,००० च्या वर बचत गेली की दर २५० ला महिन्याचे ४.३५ पौंड कापतात, १६,००० च्या वर यूसी बंद. पण राहतं घर विकून आलेले पैसे दुसरं राहतं घर घेण्यासाठी ठेवले असतील तर सहा महिने ते धरत नाहीत. यूसीच्या ऑनलाइन जर्नलमध्ये हे पैसे कशाचे आणि कशासाठी ते लिहून ठेवा, सोबत सॉलिसिटरचं पत्र अपलोड करा, आणि ते इतर खर्चाच्या खात्यात मिसळू नका.

आई-बाबा भारतातून मदत करणार असतील तर वेळ हाताशी ठेवा. आरबीआयच्या एलआरएसखाली (भारतातून बाहेर पैसे पाठवण्याची योजना) एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न सहसा येत नाही, पण गिफ्ट म्हणून १० लाख रुपयांच्या वर गेलं की बँक वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतलेला टॅक्स) कापते. तो नंतर रिटर्नमध्ये मिळतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात. आईचं आणि बाबांचं पॅन वेगळं, मर्यादाही दोघांची वेगळी. इथला लेंडर गिफ्ट लेटर मागतो, ज्यात पैसे परत द्यायचे नाहीत आणि घरात हिस्सा नको असं लिहिलेलं असतं, आणि सॉलिसिटर विचारतो की मुळात हे पैसे आले कुठून. माझ्या बाबांनी साताऱ्याजवळची जमीन विकून दिले होते, खरेदीखत मराठीत, त्याचं सर्टिफाइड भाषांतर करून पाठवण्यात आमचे तीन आठवडे गेले. ते आधीच करून ठेवा.

पुण्यातला फ्लॅट आणि स्टॅम्प ड्यूटी

लग्नानंतर दोघांच्या नावावर पुण्यात, नाशकात किंवा ठाण्यात फ्लॅट घेतलेली जोडपी आपल्यात खूप आहेत, आणि त्या फ्लॅटचा इथल्या टॅक्सशी संबंध आहे हे बहुतेकांना सॉलिसिटरच्या ऑफिसात कळतं. फर्स्ट टाइम बायरला ३,००,००० पर्यंत स्टॅम्प ड्यूटी नाही, पण जगात कुठेही आधी घर नावावर झालेलं असेल तर तुम्ही फर्स्ट टाइम बायर नाही. लाइफटाइम आयसाचे (पहिल्या घरासाठी सरकारी बोनस देणारं बचत खातं) पैसेही मग दंड न भरता घराला वापरता येत नाहीत.

आणि खरेदीच्या दिवशी तुमच्या नावावर दुसऱ्या घराचा ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा हिस्सा असेल, भारतातला का असेना, तर ५ टक्के जास्तीची स्टॅम्प ड्यूटी लागू शकते. २,८०,००० च्या घरावर नेहमीची ४,००० होते, त्यात ५ टक्के म्हणजे १४,००० धरले की १८,०००. सुटका अशी की तुम्ही गेल्या तीन वर्षांत स्वतःचं राहतं घर विकलं किंवा एक्सच्या नावावर करून दिलं असेल आणि आता त्याच्या बदल्यात राहायला घेताय, तर हे जास्तीचं लागत नाही. आणि कोर्टाच्या ऑर्डरमुळे जुन्या राहत्या घरात तुमचा हिस्सा अडकून पडलाय आणि तिथे एक्स राहतोय, तर तो हिस्साही धरत नाहीत. पण जी जोडपी इथे भाड्याने राहत होती आणि फ्लॅट फक्त पुण्यात होता त्यांना हे पूर्ण बसतं. म्हणून फ्लॅटचं काय करायचं ते डिव्होर्सच्या वाटाघाटीतच ठरवा, इथल्या घराच्या कम्प्लीशनच्या (व्यवहार पूर्ण होऊन चावी मिळण्याचा दिवस) आधी तो त्याच्या नावावर गेलेला किंवा विकलेला असला तर हे टळतं. एक्सकडून घराचा हिस्सा डिव्होर्सच्या ऑर्डरखाली तुमच्या नावावर येत असेल तर त्यावर इथे स्टॅम्प ड्यूटी नाही.

अर्ज ते चावी

एवढं झालं की पुढचं सगळ्यांसारखंच. अर्जाच्या आधी एका फोल्डरमध्ये तीन महिन्यांच्या पेस्लिपा, पी६० (वर्षाचा पगार आणि टॅक्स दाखवणारा कागद), सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट, फायनल ऑर्डर, कोर्टाची सील असलेली कन्सेंट ऑर्डर किंवा सीएमएसचं ताजं पत्र, चाइल्ड बेनिफिटचं पत्र, यूसीची स्टेटमेंट, मुलांचे जन्मदाखले, ईव्हिसाचा शेअर कोड. स्वतःचा व्यवसाय असेल तर दोन वर्षांचे एसए३०२ (एचएमआरसीचा टॅक्सचा हिशोब). पासपोर्टवर एक आडनाव आणि पेस्लिपवर दुसरं असेल तर आधी ते एक करा, नावाच्या फरकाने अर्ज अडकतात.

ब्रोकर आधी ॲग्रीमेंट इन प्रिन्सिपल, म्हणजे साधारण किती कर्ज मिळेल याचा लेंडरचा कागद काढून देतो, तो आकडा हातात आल्यावरच घरं बघा. मग ऑफर, सर्व्हे, सॉलिसिटरचे सर्च, एक्स्चेंज (खरेदीचा करार पक्का होणं) आणि कम्प्लीशन. एक्स्चेंज झालं की डिपॉझिट अडकतं, म्हणून कम्प्लीशनपर्यंत नोकरी बदलू नका, नवीन कार फायनान्सवर घेऊ नका. आणि एक्सने त्याच काळात मेंटेनन्स थांबवला तर ते ब्रोकरपासून लपवू नका, ऑफर आली तरी परिस्थिती बदलल्याचं लेंडरला सांगावं लागतं.

आकडा कमीच पडत असेल तर शेअर्ड ओनरशिप बघा. नवीन पद्धतीत घराचा १० टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हिस्सा घेता येतो, उरलेल्यावर भाडं. घरातलं एकूण इन्कम ८०,००० पर्यंत, लंडनमध्ये ९०,०००. पूर्वी घर होतं पण नातं मोडल्यामुळे आता परवडत नाही, अशांनाही ते मिळू शकतं. यात या उरलेल्या हिस्स्याच्या भाड्यासाठी यूसीचं हाउसिंग एलिमेंट मिळू शकतं, हे फार जणींना माहीत नसतं. सर्व्हिस चार्ज मात्र वाचून घ्या, तो दर वर्षी वाढू शकतो.

चावी मिळाली की त्याच आठवड्यात यूसीच्या जर्नलमध्ये नवीन पत्ता आणि भाडं बंद झाल्याचं टाका, नाहीतर जास्त आलेले पैसे नंतर वसूल करतात. सीएमएसला आणि चाइल्ड बेनिफिटला पत्ता कळवा. कौन्सिलला सांगा की घरात तुम्ही एकट्याच मोठ्या आहात, कौन्सिल टॅक्स २५ टक्के कमी होतो. एक्सच्या आयुष्यावर मेंटेनन्स संपेपर्यंतची टर्म पॉलिसी काढता आली तर काढा, ती ऑर्डर ठरतानाच मागितलेली बरी, कारण त्याला काही झालं तर मेंटेनन्स थांबतो आणि हप्ता चालूच राहतो. नोकरी गेली तर सपोर्ट फॉर मॉर्गेज इंटरेस्ट आहे, यूसी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांनी, २,००,००० पर्यंतच्या कर्जाच्या व्याजासाठी, पण ते कर्ज आहे, घर विकताना व्याजासकट फेडावं लागतं. आणि नवीन विल करा, मुलांसाठी गार्डियन कोण ते त्यात लिहा. माझ्या विलमध्ये माझी नाशिकची बहीण आहे, तिला आधी फोन करून विचारलं होतं.